ओझ्यापासून शिखरापर्यंत: तेनसिंग नोर्गे यांचे जीवन

भोर आणि वेल्हे हे सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वसलेले तालुके. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर, केंजळगड ही नावे इथल्या मुलांना पाढ्यांसारखी पाठ असतात. पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या गुंजवण्यात आणि वेल्ह्यात येऊन थांबतात. गावची तरुण मुले पाहुण्यांना वाट दाखवतात, दमलेल्याची सॅक आपल्या पाठीवर घेतात, घरची बाई पिठलं-भाकरी करून घालते. संध्याकाळी पाहुणे परत जातात. फोटोत गड असतो, पाहुणे असतात. वाट दाखवणारा बहुतेक वेळा नसतो.

अशा वाट दाखवणाऱ्या मुलांसाठी आणि चळवळीत काम करणाऱ्या सर्व धम्मबांधव-भगिनींसाठी आम्ही आज एका माणसाचे चरित्र सांगत आहोत. तो बौद्ध घरात जन्मला, हमाली करत वाढला आणि जगातल्या सर्वांत उंच शिखरावर पहिल्यांदा पोहोचलेल्या दोघांपैकी एक ठरला. तेनसिंग नोर्गे हे नाव शाळेत आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पण हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टवर चढले, एवढ्या एका वाक्यावर तो धडा संपतो. त्या वाक्याआधीची अठरा वर्षांची हमाली आणि त्यानंतरची बावीस वर्षांची मास्तरकी त्यात येत नाही. आमच्या मते खरे चरित्र तिथेच आहे.

याकवाल्याचे पोर

तेनसिंग यांचा जन्म १९१४ सालचा. जन्माची तारीख घरात कुणी लिहून ठेवली नव्हती. पुढे त्यांनी एव्हरेस्ट चढल्याचा दिवस, २९ मे, हाच आपला वाढदिवस मानला. आईवडिलांना तेरा मुले झाली, त्यांतले तेनसिंग अकरावे. बरीचशी भावंडे लहानपणीच गेली. वडील याक राखत. तिबेटमधले खार्ता खोरे आणि नेपाळमधले थामे गाव, या दोन्ही ठिकाणांशी त्यांचे बालपण जोडलेले आहे. मूळ नाव नामग्याल वांगदी होते. रोंगबुक मठाच्या प्रमुख लामांनी ते बदलून तेनसिंग नोर्गे ठेवले. धम्माचा भाग्यवान अनुयायी, असा त्याचा साधारण अर्थ.

इथे एक गोष्ट स्पष्ट करू. शेर्पा हे कामाचे नाव नाही, ते एका समाजाचे नाव आहे. तिबेटच्या पूर्व भागातून काही शतकांपूर्वी एव्हरेस्टच्या दक्षिणेला, खुंबू भागात येऊन वसलेले हे बौद्ध लोक. शेर म्हणजे पूर्व आणि पा म्हणजे लोक. साहेब लोकांचे ओझे वाहता वाहता या समाजाचे नावच हमालाचे नाव होऊन बसले. जातीवरून काम आणि कामावरून जात ठरवण्याची रीत आपल्याला नवी नाही. म्हणून हा फरक आपल्या लोकांना लवकर समजेल.

तेनसिंग यांना लहानपणी भिक्षू होण्यासाठी मठात पाठवले होते. तिथे एका लामाने डोक्यात मारले, तेव्हा ते पळून घरी आले आणि परत गेले नाहीत. शाळा गावात नव्हतीच. ते आयुष्यभर लिहू-वाचू शकले नाहीत, सही तेवढी शिकले. पण कामाच्या निमित्ताने कितीतरी भाषा बोलायला शिकले.

चिठ्ठी नाही म्हणून काम नाही

त्या काळी नेपाळ परक्यांना बंद होता. एव्हरेस्टवर जाणाऱ्या ब्रिटिश मोहिमा भारतातल्या दार्जिलिंगहून निघत आणि सिक्कीममार्गे तिबेटमध्ये जाऊन उत्तरेच्या बाजूने चढाई करत. हमालांची भरती दार्जिलिंगमध्येच होई. म्हणून खुंबूतले तरुण डोंगर ओलांडून तिकडे जात. तेनसिंगही १९३२ च्या सुमारास घरातून पळून दार्जिलिंगला आले आणि तुंगसुंग बस्तीत राहू लागले.

हे काम किती जिवावरचे होते, हे दहा वर्षे आधीच दिसले होते. १९२२ च्या ब्रिटिश मोहिमेत हिमस्खलनात सात हमाल गाडले गेले. एव्हरेस्टवरच्या चढाईत गेलेले हे पहिले बळी. त्यांतला एकही साहेब नव्हता. १९३४ मध्ये नंगा पर्वतावरच्या जर्मन मोहिमेत वादळात सहा शेर्पा गेले. तरीही दार्जिलिंगच्या बाजारात भरतीच्या दिवशी रांग लागत असे, कारण पोटाला दुसरे काम नव्हते.

१९३३ च्या मोहिमेत तेनसिंग यांना घेतले नाही. आधीच्या मोहिमेत काम केल्याची चिठ्ठी त्यांच्याकडे नव्हती. शहरात आल्यावर त्यांनी लांब वेणी कापून टाकली होती, त्यामुळे ते शेर्पाच वाटेनात. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, हा फेरा आपल्या गावच्या कुठल्याही बेकार मुलाला माहीत आहे. अखेर १९३५ मध्ये एरिक शिप्टन यांच्या मोहिमेत अगदी शेवटी निवडलेल्या दोघांमध्ये त्यांचा नंबर लागला. मजुरी दिवसाला बारा आणे, बर्फाच्या हद्दीवर गेल्यावर एक रुपया.

हमालाचा सरदार

१९३५, १९३६ आणि १९३८ अशा तीन वेळा तेनसिंग उत्तरेच्या बाजूने एव्हरेस्टवर गेले. १९३८ मध्ये ते ओझे घेऊन २७,००० फुटांच्या वरच्या छावणीपर्यंत पोहोचले. अशा उंचीवर काम करणाऱ्यांना हिमालयन क्लब टायगर हा किताब देत असे, तो त्यांना मिळाला. या काळात ते नुसते वाहत नव्हते. बर्फात पायऱ्या कशा खोदायच्या, दोर कसा बांधायचा, हवा फिरणार हे कशावरून ओळखायचे, हे सारे पाहून पाहून शिकत होते. ज्यांना वही मिळत नाही, ते अशीच शाळा शिकतात.

घरात दुःखही कमी नव्हते. पहिला मुलगा चार वर्षांचा असताना गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते चित्रालमध्ये नोकरीला होते, तिथे १९४४ मध्ये पत्नी दावा फुटी गेल्या. दोन लहान मुलींना घेऊन ते दार्जिलिंगला परतले. पुढे आंग ल्हामू यांच्याशी लग्न झाले. त्यांनी मुली सांभाळल्या, आणि कामे करून तंगीच्या काळात घर चालवले. शिखरावरच्या माणसाचे चरित्र सांगताना घर चालवणाऱ्या बाईचे नाव गळून जाते, म्हणून आम्ही ते इथे मुद्दाम लिहीत आहोत.

१९४७ मध्ये स्विस मंडळी गढवालला आली. केदारनाथ शिखरावर त्यांचा सरदार वांगदी नोर्बू पडून जबर जखमी झाला. त्याला खाली आणण्यात तेनसिंग पुढे होते. मग सरदारकी त्यांच्याकडे आली. सरदार म्हणजे हमालांचा मुकादम. माणसे निवडणे, ओझी वाटून देणे, मजुरीचे भांडण मिटवणे आणि साहेब व शेर्पा यांच्यामध्ये उभे राहणे हे त्याचे काम. १९५१ मध्ये फ्रेंच मोहिमेचे दोन गिर्यारोहक नंदादेवीवर बेपत्ता झाले. त्यांचा शोध घेत तेनसिंग आणि लुई दुबोस्त नंदादेवी पूर्व शिखरापर्यंत चढले. आपल्या आयुष्यातली सर्वांत अवघड चढाई म्हणून ते पुढे हीच सांगत.

एका तंबूतली बरोबरी

१९५० नंतर नेपाळ उघडला आणि दक्षिणेची वाट मोकळी झाली. १९५२ मध्ये स्विस मोहीम आली. तिने तेनसिंग यांना नुसते सरदार न ठेवता चढाई करणाऱ्या संघाचा सभासद केले. तेनसिंग यांच्या आयुष्यात ही सर्वांत मोठी घटना होती, असे आम्हाला वाटते. ज्या माणसाने सतरा वर्षे दुसऱ्यांच्या शिखरासाठी ओझे वाहिले, त्याला पहिल्यांदा शिखराचा हक्कदार मानले गेले.

त्यांचा जोडीदार होता रेमंड लँबर्ट. त्याच्या पायाची बोटे पूर्वी हिमदंशाने गेलेली होती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, काम खाणाखुणांवर चाले. मे १९५२ च्या अखेरीस या दोघांनी आग्नेय धारेवर एका लहान तंबूत रात्र काढली. झोपायच्या पिशव्या नव्हत्या, स्टोव्ह नव्हता. मेणबत्तीवर बर्फ वितळवून घोटभर पाणी केले आणि एकमेकांना चोळत पहाट गाठली. दुसऱ्या दिवशी ते ८,५९५ मीटरच्या आसपास पोहोचून परत फिरले. तोवर तेवढ्या उंचीवरून कुणी परत आल्याची नोंद नव्हती. लँबर्टने दिलेला लाल रुमाल पुढच्या वर्षी तेनसिंग यांच्या गळ्यात शिखरावर होता.

गॅरेज आणि शिखर

१९५३ ची ब्रिटिश मोहीम मोठी होती. साडेतीनशेच्या वर हमाल, वीस शेर्पा, कित्येक टन सामान. प्रमुख जॉन हंट, सरदार तेनसिंग. या मोहिमेची सुरुवातच एका अपमानाने झाली. काठमांडूत ब्रिटिश दूतावासात गिर्यारोहकांना खोल्या मिळाल्या आणि शेर्पांना गॅरेजमध्ये जमिनीवर झोपवले. तिथे संडासाचीही सोय नव्हती. सकाळी शेर्पांनी गॅरेजसमोर रस्त्यावरच लघवी करून निषेध नोंदवला. वर्तमानपत्रांत ती गोष्ट गेली. वर्षभरापूर्वी स्विस लोकांबरोबर एका तंबूत राहिलेल्या माणसांना गॅरेज म्हणजे काय ते नीट कळत होते. तेनसिंग यांना आपल्या माणसांची बाजूही घ्यायची होती आणि मोहीमही मोडू द्यायची नव्हती. त्यांनी दोन्ही सांभाळले.

वर चढताना खुंबूच्या हिमप्रपातात एडमंड हिलरी बर्फाच्या भेगेत पडले, तेव्हा तेनसिंग यांनी दोर ताणून धरला आणि त्यांना वाचवले. त्यानंतर ही जोडी जमली. २६ मे रोजी बूर्दिलाँ आणि इव्हान्स यांची पहिली जोडी दक्षिण शिखरापर्यंत जाऊन परतली. २९ मे १९५३ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास हिलरी आणि तेनसिंग शिखरावर उभे राहिले. भोर-वेल्ह्याच्या मुलांना ही उंची आपल्या मापात सांगायची तर, १,४०३ मीटरचा तोरणा एकावर एक सहा वेळा रचला तरी ८,८४८ मीटर भरत नाहीत.

तेनसिंग यांचा हा सातवा प्रयत्न होता. त्यांनी बर्फात थोडा खाऊ आणि धाकट्या मुलीने दिलेली पेन्सिल ठेवली. चोमोलुंग्मा, म्हणजे एव्हरेस्ट, त्यांच्या समाजात पूज्य. आपण बाबासाहेबांच्या वाटेने धम्मात आलो, डोंगराची पूजा आपल्यात नाही. पण सातवेळा झगडून मिळालेल्या जागेवर पोहोचल्यावर तो माणूस जिंकल्याच्या तोऱ्यात राहिला नाही, काही देऊन खाली आला. त्यातली नम्रता कुठल्याही परंपरेतल्या बौद्धाला ओळखता येईल.

आधी पाय कुणाचा?

खाली आल्यावर भांडण सुरू झाले. आधी पाय कुणाचा पडला? काठमांडूत मिरवणूक निघाली, तीत तेनसिंग वर उभे आहेत आणि हिलरींना दोराने ओढत आहेत अशी चित्रे होती. तेनसिंग आपले, असे नेपाळी लोक म्हणत आणि भारतीयही म्हणत. ब्रिटनने हिलरी आणि हंट यांना सर केले, तेनसिंग यांना जॉर्ज पदक दिले. हा फरक तेव्हाही लोकांना खटकला.

या गदारोळात तेनसिंग यांनी हिलरींबरोबर एका निवेदनावर सही केली. दोघे जवळपास एकत्रच पोहोचले, एवढेच त्यात होते. दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, त्यांनी जेम्स रॅम्झी उलमन यांना सांगून लिहवलेल्या आत्मचरित्रात खरी गोष्ट मांडली: दोर एकच होता, काही पावले पुढे हिलरी होते आणि पहिले पाऊल त्यांचे पडले. खोटे बोलून आयुष्यभर मान मिळाला असता. दोन देशांतले लोक ते ऐकायला तयारच होते. तरी त्यांनी खरे सांगितले. सम्यक वाचा हा शब्द आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात अनेकदा ऐकतो. तिचा अर्थ समजून घ्यायला हे उदाहरण पुरेसे आहे.

मास्तर तेनसिंग

४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगमध्ये हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. पंडित नेहरू आणि बंगालचे मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांचा त्यामागे पुढाकार होता. प्राचार्य झाले मेजर नंदू जयाल आणि प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे प्रमुख झाले तेनसिंग. त्याआधी ते आणि काही शेर्पा स्वित्झर्लंडला जाऊन शिकवण्याची पद्धत शिकून आले. ज्याला वीस वर्षांपूर्वी चिठ्ठी नाही म्हणून परत पाठवले, तो आता दुसऱ्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेत गुरू झाला. १९७६ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, त्यांनी हे काम केले.

या शाळेची फळे पुढे दिसली. तेनसिंग यांचे भाचे नवांग गोम्बू इथेच शिकवत. एव्हरेस्ट दोनदा चढणारे ते जगातले पहिले, १९६३ मध्ये आणि १९६५ मध्ये. १९६५ च्या भारतीय मोहिमेत नऊ जण शिखरावर पोहोचले. पूर्वी जे ज्ञान फक्त साहेबांच्या संघात असे, ते आता भारतातल्या कुठल्याही तरुणाला, फी भरून आणि मेहनत करून, मिळण्याची सोय झाली होती.

भारत सरकारने १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले. ९ मे १९८६ रोजी दार्जिलिंगमध्ये त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, त्यांचा मुलगा जामलिंग एव्हरेस्टवर चढला.

आजचे ओझे

आज एव्हरेस्ट हा मोठा धंदा आहे. नेपाळ सरकारचा नुसता परवाना २०२५ पासून माणशी १५,००० डॉलर झाला आहे. त्यावर कंपनीचे पैसे वेगळे. पैसे भरणाऱ्याला शिखरावर नेण्यासाठी शेर्पा आधी जाऊन हिमप्रपातात शिड्या लावतात, दोर बांधतात, तंबू आणि प्राणवायूच्या नळकांड्या वर पोहोचवतात. पाहुणा हिमप्रपात जितक्या वेळा ओलांडतो, त्याच्या कितीतरी पट वेळा शेर्पा ओलांडतो. १८ एप्रिल २०१४ रोजी तिथेच बर्फाचा कडा कोसळून सोळा नेपाळी कामगार गेले. सरकारने सुरुवातीला प्रत्येक घराला ४०,००० नेपाळी रुपये देऊ केले. शेर्पा भडकले, त्यांनी काम थांबवले आणि त्या वर्षी दक्षिणेकडचा हंगाम बंद पडला. त्यानंतर विम्याची रक्कम वाढली. गॅरेजसमोरचा निषेध आणि हा संप यांच्यामध्ये एकसष्ट वर्षे गेली, पण मागणी तीच राहिली: आमच्या जिवाची किंमत माणसाच्या जिवाएवढी धरा.

त्याच २०१४ च्या मे महिन्यात तिबेटच्या बाजूने दोन मुले एव्हरेस्टवर पोहोचली. मालावथ पूर्णा आणि आनंद कुमार. एक आदिवासी, एक दलित. दोघे तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. पूर्णा तेव्हा चौदा वर्षांचीही नव्हती. त्यांच्या प्रशिक्षणात तेनसिंग यांच्या दार्जिलिंगच्या संस्थेचा वाटा होता. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाच्या मिशन शौर्य मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी शिखरावर पोहोचले. सरकारने मनावर घेतले, निवड नीट झाली आणि प्रशिक्षण मिळाले, तर आपली मुले कुठे पोहोचतात, हे यातून दिसते.

आपण काय घ्यायचे?

महार वतनात आपल्या आज्या-पणज्यांनी वेठ केली आहे. अंमलदाराचे सामान एका गावाहून दुसऱ्या गावाला वाहणे हा त्या वेठीचाच भाग होता. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात बदल करणारे विधेयक मांडले, ते या गुलामीविरुद्ध. ओझे वाहण्यात कमीपणा नाही. बिनमोबदला, बिननावाचे आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच काम लादण्यात अन्याय आहे. तेनसिंग यांनी ओझे वाहिले, मजुरी घेतली, कसब मिळवले, बरोबरीचा हक्क मागितला आणि मग तेच कसब सगळ्यांना शिकवले. चळवळीच्या कार्यकर्त्याने हा क्रम ध्यानात ठेवावा.

भोर-वेल्ह्याच्या तरुणांना आमचे सांगणे सरळ आहे. गडावर पाहुणे नेत असाल तर मजुरी आधी ठरवून घ्या. २०२१ मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचे धोरण आणले आहे, आयोजकांना पर्यटन विभागाकडे नोंदणी करावी लागते. तुमच्याकडे माणसे घेऊन येणारा आयोजक नोंदलेला आहे का आणि विम्यात तुमचे नाव आहे का, हे विचारा. प्रथमोपचार शिका. हिमालयाची ओढ असेल तर दार्जिलिंग, उत्तरकाशी किंवा मनालीच्या संस्थेतला सुमारे चार आठवड्यांचा मूळ अभ्यासक्रम करा. नुसत्या हौसेने, कर्ज काढून एखाद्या कंपनीच्या मागे जाऊ नका.

कार्यकर्त्यांचेही काम आहे. गडाच्या पायथ्याच्या गावांत पर्यटनाचा पैसा येतो, त्यात आपल्या वस्तीतल्या घरांचा वाटा किती? पाहुण्यांची पंगत आपल्या घरी बसते का? वाटाड्यांच्या यादीत आपल्या मुलांची नावे आहेत का? हे गावोगाव विचारा आणि जिथे उत्तर नाही असे येईल, तिथे ग्रामसभेत मांडा. आणि दर वर्षी एका होतकरू मुलाची किंवा मुलीची फी आपल्या विहाराने भरावी. जयंतीच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढला तरी हे जमेल.

गडावर जाल तेव्हा फोटोत वाट दाखवणाऱ्यालाही उभे करा, आणि खाली त्याचे नाव लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!